उत्पत्ती आणि उत्क्रांती

रविवारची उपासना संपली होती. चर्चच्या पायऱ्या उतरत असताना मागून हाक आली, ‘‘सर, जरा थांबता का?’’ आमच्या संडे स्कूलमधली मुलगी. यंदा दहावीत गेलेली, अभ्यासात हुशार, डॉक्टर व्हायचे मनात धरून बसलेली. मिरजेत दर दुसऱ्या घरातल्या मुलाला डॉक्टरच व्हायचे असते. तो या गावच्या पाण्याचाच गुण म्हणायचा. तिच्या हातात विज्ञानाचे, दुसऱ्या भागाचे पाठ्यपुस्तक होते.

‘‘सर, यातला पहिलाच धडा उत्क्रांतीचा आहे. काय करू?’’

‘‘पाठ करू नकोस, समजून घे,’’ मी सवयीने म्हणालो.

‘‘तसं नाही सर. परवाच्या सभेत ते बाहेरगावचे पाहुणे म्हणाले ना, की जो डार्विनवर विश्वास ठेवतो तो बायबलवर विश्वास ठेवूच शकत नाही. मग जे खोटं आहे ते परीक्षेत खरं म्हणून कसं लिहायचं? तो खोटेपणाच झाला ना?’’

पोरगी मार्कांचे विचारत नव्हती. सद्सद्विवेकबुद्धीचे विचारत होती. चौतीस वर्षे हायस्कुलात विज्ञान शिकवलेला आणि जवळजवळ पन्नास वर्षे संडे स्कूल चालवलेला मी, तिच्यासमोर गप्प उभा राहिलो. ‘‘पुढच्या रविवारी सांगतो,’’ एवढेच म्हणालो आणि घरी आलो. त्या आठवड्यात मला झोप कमी लागली. कारण हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकत नव्हतो.

१९७२ सालची गोष्ट. माझा धाकटा भाऊ तेव्हा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होता. तरुणांच्या एका सभेत त्याने उभे राहून विचारले, की जीवाश्म खरे असतील तर सहा दिवसांच्या निर्मितीचा अर्थ काय लावायचा? प्रश्न सरळ होता, सूर नम्र होता. वक्ते बाहेरून आलेले होते. त्यांनी उत्तर दिले नाही. सैतान शंकेच्या वाटेने येतो, असे सांगून त्याला सगळ्यांदेखत खाली बसवले. भाऊ बसला. दुसऱ्या रविवारी तो चर्चला आला नाही; तिसऱ्याही नाही. नाताळच्या आदल्या रात्री आई आपल्या शेजारची जागा त्याच्यासाठी धरून ठेवत असे. ती जागा रिकामीच राही. आई गेली तेव्हासुद्धा तो फाटकापाशीच उभा राहिला, आत आला नाही; मग थेट दफनभूमीत आला आणि सगळ्यांच्या आधी मूठभर माती टाकली.

त्या सभेत मी त्याच्या शेजारीच बसलो होतो. मला उत्तर ठाऊक होते असे म्हणणार नाही. पण एवढे नक्की ठाऊक होते, की त्याचा प्रश्न पापाचा नव्हता. तरीही मी बोललो नाही. पुढे मास्तर झाल्यावर सोमवार ते शनिवार उत्क्रांती शिकवली आणि रविवारी उत्पत्तीचे पहिले अध्याय. दोन्ही मन लावून शिकवले. पण दोन वह्या कधी शेजारी ठेवल्या नाहीत. हा लेख म्हणजे त्या दोन वह्या शेजारी ठेवण्याचा उशिरा केलेला प्रयत्न आहे.

सुरुवात आजीपासून करतो. आमची आजी दुष्काळी पट्ट्यातली, १८९९-१९०० च्या दुष्काळात पोरकी झालेली, मिशनने सांभाळलेली. तिचे आईवडील गावकुसाबाहेर राहणारे. तिला अक्षरओळख झाली ती बायबल वाचण्यासाठी, आणि त्यातले तिचे सगळ्यात लाडके पान येशूच्या जन्माचे नव्हते. ते होते आदामाचे. कुणी जातीवरून काही बोलले, पाणवठ्यावर कुणी हटकले, की घरी येऊन ती म्हणे, ‘‘बाळा, आपण समदी एका आदामाची लेकरं. देवानं मातीचा एकच गोळा घेतला हुता.’’ कोण मुखातून जन्मले आणि कोण पायांतून, हा हिशेब जिने जन्मभर सोसला, तिच्यासाठी आदामाची गोष्ट हा प्राणिशास्त्राचा धडा नव्हताच. तो तिचा माणूसपणाचा दाखला होता.

म्हणून आमच्या समाजातली वडीलधारी माणसे डार्विनचे नाव निघाले की अस्वस्थ होतात, तेव्हा मला हसू येत नाही. त्यांना भीती दगडाच्या वयाची नसते. आदाम गेला तर त्याच्याबरोबर आपला दाखलाही जाईल, ही भीती असते. आणि ही भीती काही आमच्याच गावची नाही.

मिरजेचे मिशन रुग्णालय डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये उभे केले. ज्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन चर्चच्या वर्गणीवर ते वाढले, त्याच चर्चमध्ये १९२० च्या दशकात उत्क्रांतीवरून मोठे रण माजले होते. एका बाजूचे पुढारी होते विल्यम जेनिंग्ज ब्रायन. तीन वेळा अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार, माजी परराष्ट्रमंत्री आणि आपल्याकडच्या ब्रिटिश कारभारावर १९०६ साली कडक टीका करणारे गृहस्थ. १९२३ च्या चर्च महासभेत त्यांनी आग्रह धरला, की ज्या शाळा-कॉलेजांत उत्क्रांती हे सिद्ध सत्य म्हणून शिकवतात, त्यांना चर्चचा पैसा मिळू नये. महासभेने तो आग्रह मानला नाही. त्याच महासभेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीतही ते थोडक्यात हरले. दोन वर्षांनी, जुलै १९२५ मध्ये टेनेसी राज्यातल्या डेटन गावी, वर्गात उत्क्रांती शिकवल्याबद्दल जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला चालला. त्यात सरकार पक्षाच्या बाजूने ब्रायनच उभे राहिले. स्कोप्सला शंभर डॉलर दंड झाला. निकालानंतर पाचच दिवसांत ब्रायन वारले.

ब्रायन यांना अडाणी म्हणून निकालात काढणे सोपे आहे. पण त्यांचे दुखणे आमच्या आजीच्या दुखण्याच्या जवळचे होते. ‘बळी तो कान पिळी’ हा जर निसर्गाचा नियम ठरला, तर दुबळ्यांचा वाली कोण, असे ते विचारत होते. डार्विनच्या नावाचा आधार घेऊन साम्राज्ये, युद्धे आणि वंशश्रेष्ठत्व यांची भलामण करणारे लोक त्या काळी खरोखरच होते. ब्रायन यांची काळजी खरी होती, औषध चुकले. जीवशास्त्राचा दुरुपयोग होतो म्हणून जीवशास्त्रच खोटे ठरवायचे, हे काही बरे नव्हे.

पण ख्रिस्ती माणसाने डार्विनला नाकारलेच पाहिजे, अशी काही दोन हजार वर्षांची परंपरा आहे काय? मुळीच नाही. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन या एकाच गावात एकाच वेळी दोन प्रेस्बिटेरियन विद्वान राहत होते. धर्मशास्त्राचे प्राध्यापक चार्ल्स हॉज यांनी १८७४ साली पुस्तक लिहून डार्विनवाद म्हणजे नास्तिकवाद असा निष्कर्ष काढला. आणि १८६८ पासून तिथल्या कॉलेजचे अध्यक्ष असलेले जेम्स मॅकॉश शिकवत होते, की उत्क्रांती ही देवाची निर्मितीची रीत असू शकते. दोघे एकाच विश्वासाचे; कुणी कुणाला चर्चबाहेर काढले नाही. मॅकॉश यांच्या त्या कॉलेजचेच पुढे प्रिन्स्टन विद्यापीठ झाले, आणि त्याचे १९५७ ते १९७२ या काळातले अध्यक्ष रॉबर्ट गोहीन हे आपल्या वेंगुर्ल्यात, याच मिशनच्या डॉक्टरांच्या घरी जन्मलेले. प्रिन्स्टन आपल्याला वाटते तितके दूर नाही.

डार्विनचा ग्रंथ १८५९ साली निघाला. त्याची अमेरिकन आवृत्ती निघावी म्हणून खटपट करणारे हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे हे श्रद्धाळू ख्रिस्ती होते. १८८२ साली डार्विन वारले तेव्हा त्यांना लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत, म्हणजे चर्चमध्येच, मूठमाती मिळाली. रोमन कॅथलिक चर्चचे पोप बारावे पायस यांनी १९५० मध्ये मानवी देहाच्या उत्क्रांतीचा अभ्यास करायला मोकळीक दिली. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९६ मध्ये हा सिद्धांत निव्वळ तर्कापेक्षा अधिक असल्याचे मान्य केले. आणि मानवी जनुकांच्या महाप्रकल्पाचे नेतृत्व केलेले फ्रान्सिस कॉलिन्स हे उघडपणे ख्रिस्ती विश्वास सांगणारे शास्त्रज्ञ आहेत.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण तर याहून जुने आहे. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले. ज्यांच्या नावे नागपुरातले हिस्लॉप कॉलेज आहे तेच हे. सुवार्ता सांगायला गावोगाव हिंडणारा हा माणूस वाटेतले दगडही फोडून पाही. लाव्ह्याच्या थरांमध्ये अडकलेल्या गाळात त्यांना गोड्या पाण्यातले शंखशिंपले, फळे, पाने यांचे जीवाश्म सापडले. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर त्यांनी १८५५ साली नागपूर परिसरातल्या खडकांवर व जीवाश्मांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. म्हणजे डार्विनच्या ग्रंथाच्याही आधी, विदर्भातला एक पाद्री जमिनीखालचे जुने जग वर काढत होता. १८६३ मध्ये रात्री घोड्यावरून परतताना पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. ते डार्विनवादी होते असे मी म्हणत नाही. पण देवाने लिहिलेले पुस्तक वाचणाऱ्याने देवाने घडवलेला दगड वाचायला भिऊ नये, एवढे ते आपल्या वागण्यातून सांगून गेले.

त्याच दगडावर आपली मिरजही वसलेली आहे. दंडोबाच्या डोंगरावर जाऊन पाहा. हा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचा. तो झिजून झालेल्या काळ्या मातीत आपला ऊस उभा आहे. सतराव्या शतकात आर्चबिशप अशर यांनी बायबलातल्या वंशावळींवरून जगाचा जन्म इसवी सनापूर्वी ४००४ सालचा ठरवला होता. बायबलात कुठेही तो आकडा नाही. तो एका विद्वानाचा हिशेब होता, आणि तो चुकला.

आता वडिलांबद्दल. ते दवाखान्यात कंपाउंडर होते. क्षयरोगावर स्ट्रेप्टोमायसीन नवे आले तेव्हाचे दिवस ते पुष्कळदा सांगत. रोगी महिना-दोन महिन्यांत टवटवीत होई, घरच्यांना वाटे चमत्कार झाला. आणि पुढे तेच इंजेक्शन लागू पडेनासे होई. ब्रिटनमधल्या १९४८ च्या प्रसिद्ध चाचणीतही हेच दिसले होते. ‘‘जंतू शहाणा होतो रे,’’ वडील म्हणत. मी प्राणिशास्त्र शिकल्यावर त्यांना सांगितले, ‘‘आबा, जंतू शहाणा होत नाही. कोट्यवधींत एखादा आधीच वेगळा असतो. औषधाने बाकीचे मरतात, तो उरतो आणि त्याचीच प्रजा वाढते.’’ ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘म्हणून दोन-तीन औषधं एकदम देतात होय!’’

हीच नैसर्गिक निवड. एका औषधातून सुटणारा जंतू विरळा, तिन्हींतून सुटणारा जवळजवळ नाहीच. क्षयाचा सगळा उपचार या हिशेबावर उभा आहे. कुष्ठरोगाचेही तसेच. नुसत्या डॅप्सोनला जंतू दाद देईनात, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये बहुविध औषधांचा उपचार सुचवला, आणि लाखो माणसे बरी झाली. मिरजेच्या कुष्ठरोगी रुग्णालयाला ज्याने भेट दिली आहे त्याला या वाक्याचा अर्थ समजावून सांगायला नको. येशूने कुष्ठरोग्याला हात लावला म्हणून मिशनरी इथवर आले. आणि त्या रोग्याला बरे करताना जे शास्त्र हाती धरावे लागले त्याच्या मुळाशी डार्विन आहे. या दोघांचे भांडण रुग्णाच्या खाटेपाशी तरी कधी झालेले नाही.

‘जंतू बदलतात हे खरे, पण माणूस निराळा’, असे काहीजण म्हणतात. त्यांनी आवळ्याकडे पाहावे. गाय, शेळी, कुत्रा आपल्या शरीरातच क जीवनसत्त्व तयार करतात. आपल्याला ते आवळ्या-लिंबातून घ्यावे लागते, कारण ते बनवणारे जनुक आपल्यात मोडके आहे. चिंपांझीतही ते मोडकेच आहे. दोन घरांत एकच फुटके भांडे, त्याच जागी पोचा आलेले, जपून ठेवलेले सापडले, तर ती घरे एकाच वाड्यातून वेगळी निघाली असे आपण म्हणतो. माणूस माकडापासून झाला, असे कुठलेच शास्त्र म्हणत नाही. माणूस आणि चिंपांझी यांचा पूर्वज एक होता आणि साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी वाटा वेगळ्या झाल्या, असे म्हणते.

मग उत्पत्तीच्या पुस्तकाचे काय? ते नीट वाचा, एवढीच माझी विनंती. पहिल्या अध्यायात आधी पशू आणि मग नर-नारी मनुष्य. दुसऱ्या अध्यायात आधी आदाम, मग पशू आणि शेवटी स्त्री. ज्यांनी हे दोन अध्याय शेजारी ठेवले त्यांना हा फरक दिसत नव्हता काय? पहिल्या तीन दिवसांत संध्याकाळ आणि सकाळ झाली, पण सूर्य आला चौथ्या दिवशी. संत ऑगस्टीन यांनी सोळाशे वर्षांपूर्वी हे हेरले होते. हे दिवस आपले नेहमीचे चोवीस तासांचे दिवस मानायला ते तयार नव्हते. आणि निसर्गाबद्दल अज्ञानाने बोलून ख्रिस्ती माणसाने धर्मग्रंथाचे हसे करून घेऊ नये, असा इशाराही त्यांनी देऊन ठेवला होता. तेव्हा डार्विनचा मागमूस नव्हता.

मिरजेच्या वाचकांना तानपुऱ्याचे उदाहरण पुरे. सतारमेकरांच्या दुकानात बसा. भोपळा कुठला, लाकूड कुठले, जवारी कशी लावली, तारेखाली दोरा सरकवला की स्वर का खुलतो, हे कारागीर समजावून सांगेल. त्यातला शब्द न् शब्द खरा. पण त्या तानपुऱ्यावर दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ कुणी गायला बसले आणि डोळ्यांत पाणी आले, तर ते का आले, हे जवारीच्या हिशेबात मावत नाही. आणि डोळ्यांत पाणी आले म्हणून जवारीचा हिशेबही खोटा ठरत नाही. विज्ञान ‘कसे’ सांगते, उत्पत्तीचे पुस्तक ‘कुणाचे आणि कशासाठी’ सांगते.

इतके सगळे सोपे नाही, हेही कबूल केले पाहिजे. उत्क्रांती म्हणजे कोट्यवधी वर्षांचे मरण. माणूस पृथ्वीवर येण्याआधीच वेदना होती, भूक होती. मग मरण पापामुळे आले, या शिकवणीचा अर्थ काय? पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात आदाम आणि ख्रिस्त यांची सांगड घातली आहे, तिचे काय करायचे? चांगले चांगले धर्मपंडित यावर आजही विचार करतात. खुद्द डार्विनची श्रद्धा ढळली त्यात शास्त्रापेक्षा दुःखाचा वाटा कमी नसावा. १८५१ मध्ये त्यांची दहा वर्षांची लाडकी मुलगी ॲनी गेली होती. माझ्याकडे या प्रश्नांची तयार उत्तरे नाहीत. पण प्रश्न अवघड आहे म्हणून विचारणाऱ्याला खाली बसवायचे, हे उत्तर नव्हे. ते मी एकदा पाहिले आहे.

हा रोग फक्त चर्चमध्ये आहे असेही कुणी समजू नये. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चूक असल्याचे सांगितले होते. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिल्याचे कुठे लिहिलेले नाही, हे त्यांचे कारण. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींना त्यावर निवेदन काढावे लागले. २०२३ मध्ये केंद्रीय अभ्यासक्रमाच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, तेव्हा शेकडो शास्त्रज्ञांनी पत्र लिहून निषेध केला. आपल्या राज्य मंडळाने २०१८ साली काढलेल्या दहावीच्या पुस्तकात मात्र ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच धडा आहे. आमच्या मुलीच्या हातात होता तोच.

आता पुन्हा आजीकडे. आदाम गेला तर दाखला जाईल, ही तिची भीती. पण झाले काय? डार्विनचे घराणे गुलामगिरीच्या कट्टर विरोधकांचे. बीगल जहाजावरून जाताना ब्राझीलमध्ये पाहिलेल्या गुलामांच्या हालांनी ते हादरले होते. १८७१ च्या ग्रंथात त्यांनी मांडले, की माणसांचे सगळे वंश एकाच जातीचे, एकाच मूळ घराण्यातले. त्यांच्या लिखाणात त्या काळचे गोऱ्यांचे पूर्वग्रह आहेत, ते झाकायला नकोत; पण मूळ सिद्धांत त्या पूर्वग्रहांनाच सुरुंग लावणारा होता. दोन वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतिराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली, ती अमेरिकेतली गुलामगिरी मोडणाऱ्यांना अर्पण केली आणि मुखातून-पायांतून जन्मल्याच्या कथेची भर बाजारात चिरफाड केली. आज जनुकशास्त्र सांगते, की कोणत्याही दोन माणसांच्या जनुकसंचात हजारातला जेमतेम एक अंश वेगळा असतो, आणि आपण सारे आफ्रिकेतल्या एकाच जुन्या गोतावळ्याची लेकरे आहोत. मातीचा गोळा एकच होता. आजीचा दाखला कुणी फाडला नाही. त्यावर दुसरी सही झाली.

पुढच्या रविवारी मी त्या मुलीला हे सगळे सांगितले. ‘‘पुस्तकात आहे ते परीक्षेत लिही, कारण ते खरे आहे. आणि रात्री प्रार्थना कर, कारण तीही खरी आहे. तू खोटेपणा करत नाहीस.’’ तिने ऐकून घेतले. मग विचारले, ‘‘सर, हे संडे स्कूलमध्ये सगळ्यांसमोर सांगाल?’’ त्या प्रश्नाने मी पुन्हा गप्प झालो. पण या वेळी फार वेळ नाही.

जुलैच्या पहिल्या रविवारी सांगितले. दोन पालक नाराज झाले, पाळकांनी मान डोलावली, मुलांनी पुष्कळ प्रश्न विचारले. कुणालाही खाली बसवले नाही.

हा लेख छापायला देण्याआधी पुण्याला भावाकडे पाठवला. चार दिवस काही कळले नाही. मग फोन आला. जीवाश्मांबद्दलचे एक वाक्य ढोबळ आहे, ते दुरुस्त कर, असे म्हणाला. ते मी केले. थोड्या वेळाने म्हणाला, ‘‘दादा, त्या दिवशी तू शेजारीच बसला होतास.’’

‘‘होय,’’ मी म्हणालो.

‘‘नाताळला येईन म्हणतो,’’ तो म्हणाला आणि फोन ठेवला. चर्चला येणार का, हे मी विचारले नाही. आईच्या शेजारची जागा तेवढी आठवली.